मागच्या सीटचं तापमान

१४ एप्रिल, रविवार

गाडी आली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारती थंड ठेवण्याची नोकरी केली, त्यामुळे यंत्र ताब्यात आलं की त्याची वही सुरू करायची ही सवय अंगात मुरली आहे. नोएडातल्या ज्या बावीस मजली इमारतीचं एअर कंडिशनिंग मी सांभाळतो, तिथल्या प्रत्येक मशीनची वही आहे. तारीख, आकडे, आणि शेवटी शेरा. ही गाडीची वही. फरक इतकाच की ही मराठीत लिहायची आणि कुणा साहेबाची सही घ्यायची नाही.

साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं इंजिन, लांबच्या प्रवासाची गाडी. समोर काच, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. आमच्याच इमारतीतल्या एका मॅनेजरने दोन वर्षं कव्हर घालून जपली आणि मग विकली. माझं वय सत्तावन्न. वासंती म्हणाली, "या वयात लोक गुडघे बदलतात." पण हसत म्हणाली, आणि सव्वीस वर्षांच्या संसारात मला तिचं हसणं कोणत्या जातीचं आहे ते कळतं.

संध्याकाळी तिला मागे बसवून आम्ही राहतो त्या दिल्लीतल्या द्वारकेत एक चक्कर मारली. उतरली ती लालबुंद होऊन. "अवी, पाय भाजले माझे."

शेरा: नवीन आहे म्हणून वाटतं. होईल सवय.

२१ एप्रिल, रविवार

सवय होणार नाही. आठवडाभर ऑफिसला गाडीने गेलो. रस्ता मोकळा असेल तर गाडी देवमाणूस, पण सिग्नलला उभी राहिली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम वाफारा थेट उजव्या पोटरीवर सोडतो. धौलाकुआँच्या आसपास दीडशे सेकंदांचा लाल दिवा लागला आणि मी पाय वर उचलून बगळ्यासारखा उभा होतो. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "अंकल, नस चढ गई क्या?"

ऑफिसातून तापमान मोजायचं पिस्तूल आणलंय. घोडा दाबला की समोरच्या वस्तूचं तापमान दाखवतं. बाहेर ३९, टाकी ५१, मागचं पायदान ५८. म्हणजे वासंती बरोबर होती.

शेरा: तक्रार खरी. उपाय करणे.

५ मे, रविवार

आज करार झाला. वासंतीचं माहेर ग्वाल्हेरचं. पाच पिढ्या तिथेच. तिचा भाऊ जयदीप घरचा गणपती बसवतो आणि आम्ही दर वर्षी ट्रेनने जातो. मी जाहीर केलं की यंदा गाडीने जायचं, दोघांनीच. इशिता म्हणाली, "बाबा, सिरियसली? साडेतीनशे किलोमीटर?" इशिता आमची मुलगी, चोवीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. तिला सगळं जग पाठदुखीच्या दिशेने चाललेलं दिसतं.

वासंतीने चहाचा कप खाली ठेवला. "गणपतीपर्यंत हिला माणसांत आण. मी न भाजता ग्वाल्हेरला पोचले तर गाडी आपली. नाहीतर विकायची. मान्य?"

मी हात पुढे केला. तिने तो खरोखर हातात घेऊन हलवला, कंपन्यांच्या फोटोत करतात तसा. चार महिने आहेत. मी याहून कमी वेळात याहून मोठ्या इमारती गार केल्यात.

१९ मे, रविवार

बाहेर ४५. डांबराला पावलं चिकटतात.

करोलबागेत राघव नावाचा मेकॅनिक सापडला. हुशार आहे, फक्त वाद घालतो, म्हणजे माझ्यासारखाच. कूलंट बदललं, थर्मोस्टॅट तपासला, पंखा थोडा आधी सुरू होईल असं केलं, आणि सायलेन्सरच्या पाइपाला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली. भाजलेल्या हाताला बँडेज बांधावं तसा पाइप दिसतो. राघव म्हणाला, "सर जी, बड़ी गाड़ी है, गरम तो होगी. दिल्ली में मई में तो आदमी भी गरम होता है."

मी म्हटलं, माणसाचं मला सांगू नका, गाडीचं बोला.

पायदान ४९. नऊ अंश गेले. वासंतीला फिरवून आणलं. "फरक आहे," म्हणाली. मग पाच मिनिटांनी, रस्ता मोकळा असताना, वेगात असताना, एकदम माझ्या पाठीवर थापा. "थांब. थांब अवी, फार होतंय." उतरून ती ओढणीने वारा घेत उभी राहिली. पायदानाला पिस्तूल लावलं, ४६. कोडंच आहे.

९ जून, रविवार

आज गाडी नाही, घरचा एसी. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय की चोवीस अंश हे माणसाला सगळ्यात सोयीचं तापमान आहे. माझ्या घरात रिमोट अठरावर सापडतो. वासंती करते आणि मी परत चोवीसवर आणतो. ती म्हणते की थंड होतच नाही. शेवटी आज गेज लावून गॅस तपासला. एकदम व्यवस्थित. फिल्टर धुतला. बहुतेक पश्चिमेची भिंत तापत असावी.

सकाळी सहाला उठलो तर वासंती फ्रिजचं दार उघडून समोर उभी. आत हात घालत नव्हती, नुसती उभी. मी तिला समजावून सांगितलं की उघड्या फ्रिजने खोली गार होत नाही, उलट कॉम्प्रेसर मागून जास्त उष्णता बाहेर टाकतो आणि एकूण हिशेबात खोली तापतेच. तिने सगळं ऐकून घेतलं, दार लावलं, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी घातली.

हल्ली चिडकी झाली आहे. ती नोकरी करते त्या कॉलेजच्या लायब्ररीत वर्षाखेरची मोजदाद चालू आहे, त्याचा ताण असणार.

२३ जून, रविवार

आज मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटते. अपराधी सापडल्या: सामानाच्या पेट्या. इंजिनाची गरम हवा मागे जाते, पेट्यांवर आपटते आणि मागे बसणाऱ्याच्या पायाशी कोंडते. एसीचे डक्ट बनवणाऱ्या आमच्या कारागिराकडून ॲल्युमिनियमचे पत्रे वाकवून घेतले आणि ती हवा बाहेर वळवली. पुढच्या रस्त्याचा तापता वारा वासंतीच्या तोंडावर येऊ नये म्हणून समोरच्या काचेवर आणखी एक उंच काच जोडली. तिच्या गुडघ्यांपुढेही वारा अडवायला दोन छोट्या पट्ट्या. गाडी आता थोडी कपाटासारखी दिसते.

पायदान ४१. बाहेर ४०. म्हणजे गाडीची स्वतःची उष्णता जवळजवळ शून्य. राघवने फोटो बघून लिहिलं, "सर जी आप हमारी रोज़ी खाओगे."

पहाटे साडेपाचला वासंतीला घेऊन निघालो, तेव्हा तर बाहेर फक्त ३०. विमानतळाच्या बाजूने छान गेलो. परत येताना तीच थाप. तीच लाल मान, केस कपाळाला चिकटलेले.

मी आकडे दाखवले. ती म्हणाली, "आकडे बरोबर असतील. मला गरम होतंय."

मी खचलो आहे, हे इथेच लिहितो.

३० जून, रविवार

इशिताने विचारलं, "बाबा, तू आईला नीट विचारलंस का, नक्की काय होतं?"

"विचारायचं काय? गरम होतं म्हणते."

"कुठे गरम होतं?"

"मागच्या सीटवर."

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी नवीन ट्रेनींकडे बघतो. मग म्हणाली, "ओके यार, चलो," आणि गेली.

संध्याकाळी वासंती सोफ्यावर वर्तमानपत्राने वारा घेत होती. एसी चालू होता. गंमत म्हणून तिच्या कपाळावर पिस्तूल रोखलं. ३६.४, अगदी नॉर्मल. सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला नको मोजूस," म्हणाली. मी पिस्तूल खणात ठेवलं. मोजदादीचं काम लवकर संपो.

१४ जुलै, रविवार

आजचा शोध महत्त्वाचा. तळघरातल्या पार्किंगमध्ये गुडघ्यापुढच्या पट्ट्यांची उंची ठरवायची होती म्हणून वासंतीला गाडीवर नुसतं बसायला सांगितलं. मी खाली पाना घेऊन उकिडवा. दोन मिनिटं झाली असतील.

"अवी, आधी ते इंजिन बंद कर."

इंजिन सुरूच नव्हतं. किल्ली माझ्या खिशात होती. वर बघितलं तर तिच्या गळ्यावरून घामाची धार आणि कान लाल. मी किल्ली दाखवली. तिने किल्लीकडे बघितलं आणि म्हणाली, "अच्छा."

शेरा: गाडीत दोष नाही. पहिल्या दिवशी पाय भाजले त्याची मनात भीती बसली आहे, आणि भीतीने घाम फुटतो. उपाय: रोज दहा मिनिटं थंड गाडीवर बसण्याचा सराव. भीती मोडेल.

इशिताला हे सांगितलं. ती उशीत तोंड खुपसून हसत होती की काय करत होती ते कळलं नाही.

२८ जुलै, रविवार

सराव जोरात चालू आहे. रोज संध्याकाळी दोघं तळघरात जातो. वासंती मागच्या सीटवर, मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर. पहिल्या दिवशी तिला संकोच वाटला, गार्ड बघत होता. आता ती पर्समधून हातपंखा आणते. दहा मिनिटांची वीस होतात. कॉलेजात कोण काय म्हणालं, तिच्या लहानपणी ग्वाल्हेरला गच्चीवर ओळीने गाद्या कशा घालायचे, आईने तिला पोहायला का जाऊ दिलं नाही. यातलं पुष्कळ मला माहीत नव्हतं. गेल्या दोन वर्षांत आम्ही एवढं बोललो नसू, कारण मी घरी येईतो आठ वाजतात आणि मग बातम्या.

एकदोनदा बोलता बोलता तिची मान लाल झाली. मी लक्ष नसल्यासारखं केलं, सराव बिघडू नये म्हणून. तिचं तिचं ओसरलं.

शेरा: प्रगती समाधानकारक. मला मजा येते आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

काल वासंती आणि इशिता डॉक्टरकडे जाऊन आल्या. बायकांच्या डॉक्टर. मी विचारलं, काही काळजीचं? वासंती म्हणाली, "नाही रे, रुटीन." बरं वाटलं. कसल्या तरी गोळ्या दिल्यात, कॅल्शियम वगैरे असेल.

आज तिला घेऊन करोलबागेत राघवकडे गेलो. जाताना एकदा थाप, येताना एकदा. राघवने सगळीकडे हात लावून बघितलं. "सर जी, गाड़ी तो ठंडी है. अब इसमें बर्फ भरोगे क्या?"

गणपतीला वीस दिवस. एका माणसाला गाडीबद्दल कळवून ठेवलं, तो येऊन बघूनही गेला. तो टाकीवरून हात फिरवत होता तेव्हा मला सहन होईना, मी लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. गाडी जाईल याचं दुःख आहेच. पण खरं लिहायचं तर गाडीपेक्षा हे जास्त लागतं की जन्मभर ज्या एका गोष्टीत मला गती होती ती माझ्याच बायकोसाठी जमली नाही.

वासंतीला म्हटलं, विकून टाकू, ट्रेनची तिकिटं काढतो. ती म्हणाली, "अजून गणपती आलेला नाही. करार म्हणजे करार."

६ सप्टेंबर, शुक्रवार. ग्वाल्हेर

पोचलो. जयदीपच्या ओसरीवर बसून लिहितोय. आत आरास चालली आहे. सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे मलाही नीट कळेल.

पाचला द्वारका सोडली. आभाळ भरलेलं, हवा २७. नोएडा ओलांडून यमुना एक्सप्रेसवेला लागलो. ऐंशीचा सरळ वेग, इंजिन घड्याळासारखं. मथुरेच्या थोडं पुढे पाठीवर थाप.

कडेच्या थांब्यावर गाडी घेतली. वासंतीने हेल्मेट काढलं तर चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. मी पिस्तूल काढलं आणि तिला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. मागचं पायदान ३४. सीट ३१. सायलेन्सरवरचा पत्रा ३८.

ती हसायला लागली. इतकी हसली की कठड्यावर बसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी पाण्याची बाटली घेऊन उभा.

"अवी, गाडी गरम नाहीये. मी गरम होते. पाळी जायच्या वेळचं आहे हे. दीड वर्ष झालं."

मी म्हटलं, "इशिताला माहीत आहे?"

"इशिताला, डॉक्टरांना, आमच्या वहिनीला. मला वाटतं गार्डलासुद्धा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. गेल्या पावसाळ्यात. मला आतून जाळ आल्यासारखं होतं म्हणाले. तू उठून एसीचा फिल्टर धुतलास."

मला आठवलं. खरोखर धुतला होता, आणि वर तिला जाळीतली धूळही दाखवली होती.

ती पाणी प्यायली. "मग ही गाडी आली. पहिल्या दिवशी पाय खरंच भाजले. पण नंतर बघितलं की गाडीवर मी गरम होतंय म्हटलं की तू करोलबागेत धावतोस, पत्रे ठोकतोस, वहीत लिहितोस. घरात म्हटलं की भिंत तापते म्हणतोस. थोडं खोटं होतं माझं, कळत होतं. पण मला गरम होतंय म्हटल्यावर कुणी इतकं धावतंय, ते सोडवेना रे."

मला फार लाज वाटली. तीन पावलांवर उभी असलेली माझी बायको, आणि मी पायदानाचं तापमान वाचत होतो. ट्रक जात होते. मग इशिताने सुचवलेलं तेच विचारलं. "नक्की काय होतं? म्हणजे कुठे होतं?"

तिने सांगितलं. छातीपासून सुरू होतं आणि गळ्यावरून कानापर्यंत चढतं. पोळ्या करताना तव्यावर वाकल्यावर झळ लागते तशी, फक्त तवा आतून. काळीज धडधडतं. दोन-तीन मिनिटांत उतरतं आणि मग अंगावर काटा येतो. कधी लायब्ररीत, मुलांसमोर. तेव्हा ती पुस्तक शोधायचं निमित्त करून मागच्या कपाटांत जाते. गोळ्यांनी जरा कमी आहे. अर्धा तास बसलो होतो आम्ही त्या कठड्यावर.

उठताना म्हणाली, "आणि एक सांगू? ही तुझी उंच काच लावल्यापासून मला मागे वाराच लागत नाही."

जूनपासून मी तिच्यासाठी जे जे म्हणून लावलं, ते सगळं वारा अडवणारं होतं.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आरतीच्या गर्दीत वासंतीची मान लाल होताना दिसली. मागून तिच्या कोपराला हात लावला. ती माझ्याबरोबर अंगणात आली आणि आम्ही नुसते उभे राहिलो. आतून टाळ ऐकू येत होते. मी मोजलं नाही, पण दोन-तीन मिनिटंच असतील. मोदकांना वेळेवर परत गेलो.

दुपारी जयदीपकडून पाने घेतले आणि अंगणात गाडी उघडली. वर जोडलेली उंच काच काढली, खालची जुनी बुटकी काच तेवढी राहिली. गुडघ्यांपुढच्या पट्ट्या काढल्या, पत्रे काढले. पेट्याही काढून जयदीपच्या माळ्यावर टाकल्या. पाइपाची पट्टी तेवढी ठेवली, कारण पाय तर खरेच भाजत होते. जयदीप म्हणाला, "दाजी, एवढ्या मेहनतीने लावलं ते काढताय?" वासंती पायरीवर बसून बघत होती आणि एकेक स्क्रू डबीत गोळा करत होती. फार आनंदात होतो मी, कारण कळत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार. द्वारका

काल दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आज सकाळी निघालो. कपडे एका पिशवीत, पिशवी दोरीने मागे बांधलेली. आग्रा सोडल्यावर ऊन पडलं. मथुरेच्या अलीकडे पाठीवर थाप आली आणि मी सवयीने ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नकोस," ती कानाशी ओरडली. "पळव."

ऐंशीवरून पंचाण्णववर नेली. मी आजवर कधी नेली नव्हती. वारा अंगावर धडकायला लागला. आरशात बघितलं तर तिने हेल्मेटची काच वर केली होती, डोळे मिटले होते आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवरून सोडून बाजूला पसरले होते. तीन मिनिटांनी हात परत खांद्यांवर आले. मग तिने दोनदा खांदा दाबला. त्याचा अर्थ मी विचारला नाही, मला कळला.

घरी पोचलो तर त्या खरेदीदाराचा निरोप येऊन पडलेला, गाडीचं काय ठरलं. मी वासंतीला विचारलं, कारण करार तिचा होता.

"विकायची? आणि मला इतका वारा दिल्लीत कुठे मिळायचा?"

खरेदीदाराला नकार कळवला. चहा केला, तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, आता सांग, गेलं दीड वर्ष कसं गेलं. ती तासभर बोलत होती. मध्ये मी एकही उपाय सुचवला नाही. फार जड गेलं.